पात्र, अपात्र आणि कृपा

मराठवाड्यातील कोणत्याही तहसील कचेरीत तासभर बसले की 'पात्र' आणि 'अपात्र' हे दोन शब्द वारंवार कानी पडतात. निराधारांचे अनुदान असो, घरकुल असो वा पिकाच्या नुकसानीची भरपाई असो, माणसाचे भवितव्य या दोन शब्दांपैकी एकावर ठरते. परंतु या शब्दांचा सर्वांत जड वापर होतो तो आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या प्रकरणांत. राज्य शासनाने २००६ च्या जानेवारीत केलेल्या नियमानुसार अशा शेतकऱ्याच्या वारसांना एक लाख रुपयांचे साहाय्य मिळते. त्यातील तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपाने. मात्र तत्पूर्वी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती चौकशी करते. कुटुंबाच्या नावे शेतजमीन होती काय? बँकेचे, सोसायटीचे अथवा परवानाधारक सावकाराचे कर्ज थकले होते काय? वसुलीचा तगादा लागला होता काय? उत्तरे नियमात बसली तर प्रकरण पात्र ठरते, न बसली तर अपात्र. दुसऱ्याचे रान बटाईने करणारा, हातउसने घेऊन पेरणी करणारा, सातबाऱ्यावर नाव नसलेली कष्टकरी बाई, ही सारी माणसे मृत्यूनंतरही बहुधा अपात्रच राहतात.

२०२३ या एका वर्षात मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत १,०८८ शेतकऱ्यांनी आपले जीवन संपवले, अशी विभागीय आयुक्त कार्यालयाची नोंद आहे. त्यांत नांदेड जिल्ह्यातील १७५ आणि लातूर जिल्ह्यातील ७२ होते. म्हणजे सरासरीने दर दुसऱ्या दिवशी नांदेड जिल्ह्यातील एका घरी ही वार्ता गेली. आपली कॅथलिक कुटुंबे या दोन जिल्ह्यांत थोडी आहेत, विखुरलेली आहेत. तरीही ती याच काळ्या मातीत राबतात, याच आडत बाजारात सोयाबीन घालतात आणि याच पावसाकडे डोळे लावून बसतात. हे दुःख शेजारच्या घरापर्यंत आले आहे, आणि आपल्या उंबरठ्याशी ते येणारच नाही असे कोण म्हणू शकेल?

शासनाला पैशाचा हिशेब द्यावयाचा असतो. त्याने नियम लावले तर त्यास सर्वस्वी दोष देता येणार नाही. परंतु ख्रिस्तसभेपाशी जे आहे ते शासनापाशी नाही. तिच्यापाशी कृपा आहे. आणि कृपा या शब्दाचा अर्थच असा की, जे मिळवण्याची पात्रता आपल्यात नव्हती ते परमेश्वराने आपणहून दिले. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौलाने हेच समजावले आहे: तारण ही देणगी आहे, आपल्या कर्मांचे वेतन नव्हे. असे असताना, ज्याने स्वतःचे आयुष्य संपवले त्याच्या शवपेटीपुढे ख्रिस्तसभेने कोणता शब्द उच्चारला? कृपेचा की निवाड्याचा? या प्रश्नाचा इतिहास लांबचा आहे आणि तो आपल्या भाविकांना फारसा ठाऊक नाही. म्हणून तो येथे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

पवित्र शास्त्राची साक्ष

पवित्र शास्त्रात स्वतःचा अंत करून घेणाऱ्या माणसांच्या कथा थोड्या आहेत. पण त्या ज्या रीतीने सांगितल्या आहेत ती रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. गिलबोवाच्या डोंगरावर पराभूत झालेला शौल राजा स्वतःच्याच तलवारीवर पडला. पलिष्ट्यांनी त्याच्या देहाची विटंबना केली. तेव्हा याबेश-गिलादचे लोक रातोरात चालत गेले, त्यांनी ते प्रेत उतरवून आणले, त्याच्या अस्थी झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपवास केला. या राजाने कधीकाळी त्यांच्या गावाचे रक्षण केले होते. ते उपकार त्यांनी त्याच्या मृत्यूच्या रीतीपेक्षा मोठे मानले. अबशालोमाचा सल्लागार अहीथोफेल याने आपला सल्ला डावलला गेल्यावर घरी जाऊन घराची व्यवस्था लावली आणि प्राण दिला. त्यानंतर शास्त्रकर्ता एवढेच नोंदवतो की, त्याला त्याच्या पित्याच्या कबरीत मूठमाती देण्यात आली. त्याला कुळापासून कोणी तोडले नाही.

याहून बोलकी कथा एलीयाची आहे. कर्मेल पर्वतावर विजय मिळवलेला हा महान संदेष्टा दुसऱ्याच दिवशी जिवाच्या भीतीने रानात पळाला आणि रतामाच्या झुडुपाखाली बसून त्याने परमेश्वराकडे मरण मागितले. देवदूत आला तो त्याचा अधिकार काढून घेण्यासाठी नव्हे, की त्याची कानउघाडणी करण्यासाठीही नव्हे. त्याने एलीयाला स्पर्श करून उठवले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलेले होते. तो खाऊन पुन्हा झोपला, तर देवदूत पुन्हा आला आणि म्हणाला की, वाट तुझ्या शक्तीपलीकडची आहे, म्हणून खा. दुष्काळी मुलखात राहणाऱ्या आपल्या लोकांना या कथेचे निराळे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. खचलेल्या माणसाला परमेश्वराने प्रथम भाकर आणि पाणी दिले. बोलणे नंतर झाले.

राहता राहिला यहूदा इस्कार्योत. त्याच्या नावाने पुढील शतकांत अनेकांना भीती घालण्यात आली. त्याच्याविषयी प्रभूने उच्चारलेले शब्द गंभीर आहेत, हे खरे. परंतु अमुक एक मनुष्य नरकात आहे, असे ख्रिस्तसभेने आजवर कोणाच्याही नावाने जाहीर केलेले नाही, यहूदाच्याही नाही. संतपदाच्या यादीसारखी दुसरी, शापितांची यादी तिने कधी केलीच नाही.

संत ऑगस्टिनचे मूळ म्हणणे

आत्महत्येविषयी ख्रिस्ती शिकवणीला निश्चित आकार दिला तो संत ऑगस्टिनने. इसवी सन ४१० मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम शहर लुटले. अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर, व्रतस्थ कुमारिकांवरही, अत्याचार झाले. जुन्या रोमी समाजाची नीती अशी की, शील गमावलेल्या स्त्रीने प्राण देऊन आपला मान राखावा. लुक्रेशियाची कथा त्यासाठी आदर्श म्हणून सांगितली जाई. वाचलेल्या स्त्रियांकडे बोट दाखवून लोक विचारू लागले, 'या अजून जिवंत कशा?'

४१३ च्या सुमारास लिहावयास घेतलेल्या 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात ऑगस्टिनने या प्रश्नाला उत्तर दिले. ज्या कृत्याला मनाने संमती दिली नाही त्या कृत्याने पावित्र्य भंगत नाही, असे तो म्हणतो. या स्त्रिया निर्दोष आहेत; निर्दोष जिवाला मृत्यूची शिक्षा देण्याचा अधिकार कोणालाही नाही, तिचा स्वतःचाही नाही. 'खून करू नको' ही आज्ञा स्वतःच्या जिवालाही लागू आहे, हे त्याचे सुप्रसिद्ध प्रतिपादन या संदर्भात आले आहे. म्हणजे हा नियम जन्माला आला तो लाजेने मरणाकडे ढकलल्या जाणाऱ्या स्त्रियांना जगण्याचा हक्क देण्यासाठी. ज्यांनी त्या भयंकर प्रसंगी प्राण दिले त्यांच्याविषयीही तो निष्ठुर नाही. त्यांना क्षमा करू नये असे कोणत्या मानवी अंतःकरणाला वाटेल, असा त्याचा सवाल आहे. उत्तर आफ्रिकेत त्या काळी दोनातिस्त पंथातील काही उन्मत्त टोळ्या हौतात्म्य समजून कड्यावरून उड्या घेत; त्यांना आवरणे हाही त्याचा हेतू होता.

ऑगस्टिनला आपण 'कृपेचा आचार्य' म्हणतो. त्याच्या लेखणीतील निषेध आणि त्याच्या लेखणीतील कृपा ही एकाच मनातून आलेली आहेत. पुढच्या पिढ्यांनी निषेध उचलला आणि तो ज्या करुणेपोटी आला होता ती करुणा मागे राहिली.

धर्मपरिषदांचा कठोर हात

सहाव्या शतकापासून नियम कडक होत गेले. ५३३ साली फ्रान्समधील ऑर्लिआन्स येथे भरलेल्या परिषदेने ठरवले की, गुन्हा करताना मारल्या गेलेल्या माणसासाठी आणलेले अर्पण स्वीकारावे, परंतु ज्याने स्वतःला मारले त्याच्यासाठीचे स्वीकारू नये. म्हणजे दरोडा घालताना मेलेल्यासाठी वेदीवर जागा होती, आणि निराशेने मेलेल्यासाठी नव्हती! ५६१ मध्ये ब्रागा येथील परिषदेने अशा मृतांचे मिस्साबलिदानात स्मरण करू नये व त्यांच्या अंत्ययात्रेत स्तोत्रे गाऊ नयेत असा नियम केला. ६९३ च्या तोलेदो परिषदेने प्रयत्न करून वाचलेल्यांनाही दोन महिने ख्रिस्तशरीरापासून दूर ठेवण्याची शिक्षा सांगितली. ज्या माणसाला मंडळीच्या सहवासाची सर्वाधिक गरज, त्यालाच मंडळीपासून दूर ठेवण्याचा हा उपाय होता.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनासने या निषेधाची तीन कारणे नीटपणे मांडली: ही कृती स्वतःवरील नैसर्गिक प्रेमाविरुद्ध आहे, समाजाविरुद्ध आहे आणि जीवनदात्या परमेश्वराविरुद्ध आहे. त्यात त्याने आणखी एक गोष्ट जोडली. हे पाप विशेष घातक, कारण त्यानंतर पश्चात्तापाला वेळ उरत नाही. ही तिन्ही कारणे आजही खोटी ठरलेली नाहीत. परंतु तत्त्वज्ञाच्या मांडणीतून गावगाड्यात जे उतरले ते फार क्रूर होते. युरोपात अशा माणसाला आशीर्वादित भूमीत जागा मिळेना. इंग्लंडमध्ये त्याला चव्हाट्यावर, चौरस्त्यात पुरत. ही चाल बंद करण्यासाठी १८२३ साली पार्लमेंटला कायदा करावा लागला. त्याची मालमत्ता सरकारजमा होण्याचा नियम तर १८७० पर्यंत पुस्तकात होता. मेलेल्याला या शिक्षेचे काहीच नव्हते. ती भोगली त्याच्या पत्नीने आणि पोरांनी. पती गेला, घर गेले आणि देवळात मान वर करून बसण्याची जागाही गेली.

एक उघडी खिडकी

असे असूनही कृपेची वाट पूर्ण बुजली नव्हती. मृताचे चित्त भ्रमिष्ट झाले होते अशी शंका घेण्यास जागा असेल तर ख्रिस्ती दफन द्यावे, हा विचार धर्मगुरूंमध्ये टिकून होता आणि कित्येक दयाळू धर्मगुरूंनी या शंकेचा लाभ मृतांना दिला.

आर्स गावचे धर्मगुरू संत जॉन व्हियानी (१७८६–१८५९) यांच्या चरित्रांत एक प्रसंग सांगितला जातो. पतीने आत्महत्या केल्यामुळे शोकाने खचून गेलेली एक स्त्री आर्सला आली होती. गर्दीतून जाताना व्हियानी तिच्यापाशी थांबले आणि तिने काही विचारण्यापूर्वीच म्हणाले की, तुझा पती तारला गेला आहे. पुलाचा कठडा आणि पाणी यांच्यामध्ये त्याला पश्चात्ताप करण्याइतका अवधी मिळाला. आता त्याच्यासाठी प्रार्थना कर. अक्विनासने जी अडचण दाखवली होती तिचेच हे उत्तर आहे. पश्चात्तापाला वेळ उरत नाही, हे माणसाच्या घड्याळानुसार खरे. परमेश्वराला एक क्षणही पुरतो. येथे लक्षात घ्यावे की, व्हियानी हे काही सैल शिकवणीचे धर्मगुरू नव्हते. पापाविषयी त्यांच्याइतके कडक बोलणारे थोडेच झाले. तथापि पाप आणि पापी यांच्यातील अंतर त्यांना पापनिवेदनाच्या खुर्चीत बसून बसून कळले होते.

१९१७ पासून १९९२ पर्यंत

विसाव्या शतकात हा बदल कायद्यात उतरला. १९१७ च्या धर्मकायद्याच्या १२४० व्या कलमाने समजून-उमजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारले होते. मात्र शंका असल्यास महागुरुस्वामींचा सल्ला घ्यावा, आणि तरीही शंका राहिली तर दफन द्यावे, असेही त्याच कलमात होते. त्यानंतर दुसरी व्हॅटिकन परिषद झाली. ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसृत झालेल्या उपासनाविषयक दस्तऐवजाने सांगितले की, ख्रिस्ती अंत्यविधीतून पुनरुत्थानाचे, पाखाचे रहस्य अधिक स्पष्टपणे प्रकट झाले पाहिजे. त्याप्रमाणे १९६९ मध्ये नवा अंत्यविधी आला. क्रोधाच्या दिवसाचे वर्णन करणारे मध्ययुगीन लॅटिन गीत मृतांच्या मिस्सातून गेले, काळ्या वस्त्रांच्या जागी पांढरी वस्त्रे वापरण्याची मोकळीक मिळाली आणि 'आलेलुया' मृताच्या शवपेटीपुढे गायिला जाऊ लागला. आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना हे दोन्ही विधी आठवत असतील.

२५ जानेवारी १९८३ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी नवा धर्मकायदा जाहीर केला. त्याच्या ११८४ व्या कलमात ज्यांना ख्रिस्ती अंत्यविधी नाकारता येतो अशांची यादी आहे. श्रद्धेचा उघड त्याग करणारे तीत आहेत, श्रद्धेला विरोध म्हणून दहन निवडणारे आहेत, ज्यांच्या अंत्यविधीने भाविकांना ठेच लागेल असे उघड पापी आहेत. आत्महत्या करणारा त्या यादीत नाही. शतकानुशतके वाहिलेला तो उल्लेख गाळण्यात आला. त्यापाठोपाठ १९९२ मध्ये कॅथलिक श्रद्धेचा शिकवणग्रंथ आला. जीवन हे आपल्या मालकीचे नसून आपण त्याचे विश्वस्त आहोत, हे त्याने पुन्हा ठामपणे सांगितले. परंतु गंभीर मानसिक विकार, यातना, संकटाची आणि दुःखाची तीव्र भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, हेही सांगितले. अशा मृतांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. परमेश्वर त्याला एकट्यालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते, अशी ही शिकवण आहे. ब्रागाच्या परिषदेने जे स्मरण बंद केले होते ते अशा रीतीने चौदाशे वर्षांनी मिस्साबलिदानात परत आले.

पैठणची आठवण

हा कठोरपणा केवळ युरोपच्या ख्रिस्ती समाजाचा होता असे समजण्याचे कारण नाही. निवाड्याची हौस मनुष्यमात्रात आहे. आपल्याच मराठवाड्यात, गोदावरीकाठच्या आपेगावचे विठ्ठलपंत संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेने पुन्हा गृहस्थाश्रमात आले. परंपरा सांगते की, शास्त्रीपंडितांनी त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि मुलांना तरी समाजात घेतील या आशेने त्या पतिपत्नीने प्रयागास जाऊन देह ठेवला. म्हणजे समाजाच्या निवाड्याने दोन माणसे मरणाकडे गेली. तेवढ्यानेही भागले नाही. मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या धर्मपीठापुढे उभे राहावे लागले. त्याच मुलांपैकी ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, आपला ग्रंथ पूर्ण केला आणि शेवटी विश्वात्मक देवाकडे पसायदान मागितले. त्यात दुष्टांच्या नाशाची मागणी नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढेच मागणे आहे. ज्याच्या आईबापांना कृपा मिळाली नाही त्याने सर्वांसाठी कृपा मागितली. पैठणची तीच गोदावरी पुढे नांदेडला येते, हे आपण विसरू नये.

राज्याच्या कायद्यानेही अशीच वाट चालली आहे. १८६० च्या भारतीय दंडविधानाच्या ३०९ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. वाचलेल्या माणसाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकत असे. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका मनोरुग्ण पोलीस शिपायाच्या खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवले. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने तसाच निर्णय दिला, पण १९९६ मध्ये तो फिरवला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्यास शिक्षा करू नये, शासनाने त्याची शुश्रूषा करावी, असे म्हटले. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतून ते जुने कलम वगळले गेले. आज ख्रिस्तसभेचा कायदा आणि देशाचा कायदा दोन्ही दयेच्या बाजूला उभे आहेत. मागे राहिलेली आहे ती आपली जीभ.

एक आक्षेप

येथे काही वाचक विचारतील, आणि तो प्रश्न प्रामाणिक आहे, की अशा मृत्यूला सन्मानाचा अंत्यविधी दिला तर दुर्बळ मनाच्या माणसाला तो मार्ग सोपा वाटणार नाही काय? भीतीचा बांध फुटला तर काय उरेल? यावर सांगावेसे वाटते ते असे. ख्रिस्तसभेने आत्महत्येला कधीही योग्य म्हटलेले नाही, आजही म्हणत नाही. अंत्यविधी हा मृताच्या कृतीचा गौरव नसतो. तो परमेश्वराच्या दयेचा धावा असतो, आणि तो आपणां सर्वांसाठी तसाच असतो. शिवाय, ज्याचे मन पूर्ण अंधारले आहे त्याला दफनभूमीतील कोपऱ्याची भीती थांबवू शकत नाही, हे शतकांनी सिद्ध केले आहे. उलट लाजेच्या भीतीने तो आपले दुःख लपवतो. ज्या मंडळीत निवाडा होतो त्या मंडळीत कोणी 'मी खचलो आहे' असे बोलत नाही. आणि जो बोलत नाही त्याला वाचवता येत नाही. तेव्हा दया हा बांध फोडणारा लोंढा नाही. बुडत्याला हाक मारण्याचे धैर्य तिच्यामुळेच येते.

आपल्या धर्मग्रामांपुढील काम

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. दगडमातीची जड घरे त्यांच्या अंगावर कोसळली आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली तेव्हा, ते इतरांहून अधिक पापी होते असे समजू नका, असे प्रभूने बजावले होते. किल्लारीत त्या शब्दांचा अर्थ सर्वांनीच ओळखला. देशभरातून, सर्व धर्मांच्या संस्थांकडून मदत आली आणि ढिगाऱ्याखालून काढलेल्या माणसाची योग्यता कोणी विचारली नाही. मग कर्जाच्या आणि निराशेच्या ढिगाऱ्याखाली गेलेल्या माणसाच्या दारी मात्र आपण 'दारू पीत होता काय, घरात भांडण होते काय, बायकोचे वळण कसे होते' असे प्रश्न का विचारतो? सरकारी समितीची चौकशी एक दिवस संपते. गल्लीतील आणि देवळाच्या पायरीवरील चौकशी वर्षानुवर्षे चालते. तिचा सर्व भार त्या घरातील बाईवर आणि शाळेत जाणाऱ्या मुलांवर पडतो.

म्हणून धर्मग्रामाने काय करावे, हे शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. अंत्यविधी पूर्ण व्हावा, घाईने आटोपलेला नको. महिन्याच्या आणि वर्षाच्या मिस्सात त्या नावाचा उच्चार इतर नावांसारखाच व्हावा. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, त्या कबरीवरही मेणबत्ती लागावी. घरचे लोक संकोचाने मागे राहिले असतील तर शेजाऱ्याने ती लावावी. मृताच्या पत्नीबरोबर तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी जाणारा एखादा जाणता माणूस मंडळीत असावा, कारण कागदांच्या त्या जंजाळात एकट्या बाईचे बळ सरते. तिचे प्रकरण अपात्र ठरले तर निदान मंडळीच्या दारी तरी ती अपात्र ठरू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे काम मृत्यूपूर्वीचे आहे. पीक गेले, भाव पडले, मुलीच्या लग्नाचे कर्ज अंगावर आहे, हे बोलण्यात कमीपणा नाही असे वातावरण आपल्या कुटुंबमंडळांत निर्माण झाले पाहिजे. जो अबोल झाला आहे, ज्याने मिस्साला येणे सोडले आहे, त्याच्या घरी विचारपूस करण्यास जावे. तो का येत नाही याचा जाब मागण्यासाठी नव्हे. मनाचे दुखणे हेही दुखणेच आहे, त्यावर औषधोपचार असतात. जपमाळ आणि डॉक्टर यांत विरोध नाही. शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य मिळते. हा क्रमांक देवळाच्या सूचनाफलकावर मिस्साच्या वेळांइतक्याच ठळक अक्षरांत असावयास हवा.

१९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाण गावच्या एका शेतकरी कुटुंबाचा असाच अंत झाला. त्यांच्या स्मरणार्थ २०१७ पासून दर १९ मार्चला महाराष्ट्रात अनेक लोक एक दिवसाचा अन्नत्याग करतात. आपल्या पंचांगात तो संत योसेफाचा सण आहे, आणि संत योसेफ हा चांगल्या मरणाचा आश्रयदाता संत आहे. प्रायश्चित्तकाळातच येणाऱ्या त्या दिवशी आपल्या देवळांत या मृतांसाठी प्रार्थना होणे किती उचित ठरेल!

प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पै शहरातील एका तुरुंगाधिकाऱ्याची कथा आहे. मध्यरात्री भूकंप झाला, तुरुंगाची दारे उघडली. कैदी पळाले असतील, आता वरिष्ठांना हिशेब कसा द्यावा, या धास्तीने त्याने तलवार उपसली. त्याच माणसाने काही तासांपूर्वी पौल आणि सीला यांचे पाय खोड्यात अडकवले होते. त्याची पात्रता पाहावयाची तर पौलाला गप्प राहण्याचा पूर्ण अधिकार होता. पण अंधारातून पौलाने मोठ्याने हाक मारली की, स्वतःला काही अपाय करू नकोस, आम्ही सगळे येथेच आहोत. त्या रात्री तो मनुष्य वाचला. त्याने कैद्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना घरी नेऊन जेवू घातले आणि घरच्या सर्वांसह बाप्तिस्मा घेतला. मराठवाड्यातील आपल्या लहानशा मंडळीला कृपेचा अर्थ कोणी विचारला, तर तिने अंधारातील ती हाक त्याला ऐकवावी. आणि ती खरी ठरावी म्हणून खचलेल्या माणसाच्या दाराशी खरोखरच हजर राहावे.